शोधनिबंधांचा शोध

२००१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दमा आणि ॲलर्जी केंद्रात एक प्रयोग चालू होता. प्रश्न साधा होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका आकुंचन पावू लागल्या, तरी त्या आपोआप मोकळ्या होतात. दम्याच्या रुग्णात तसे होत नाही. हे कसे? यात चेतातंतूंचा वाटा किती, हे पाहण्यासाठी चेतासंदेश तात्पुरता अडवणारे हेक्झामेथोनियम नावाचे औषध निरोगी स्वयंसेवकांना श्वासावाटे दिले जात होते. त्या स्वयंसेवकांत त्याच केंद्रात काम करणारी २४ वर्षांची एक तंत्रज्ञ होती. ४ मे रोजी तिने औषध हुंगले. लगेचच खोकला सुरू झाला, मग ताप आला, फुप्फुसे निकामी होत गेली आणि २ जूनला तिचा मृत्यू झाला.

चौकशी झाली आणि अनेक त्रुटी बाहेर आल्या. आधीच्या एका स्वयंसेवकालाही खोकला झाला होता, त्याची सूचना वर गेली नव्हती. सहभागींकडून घेतलेल्या संमतिपत्रात धोक्याची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची त्रुटी वेगळीच आहे. हे औषध सुरक्षित आहे का, याचा शोध संशोधकाने घेतला होता. त्याने पबमेड हा वैद्यकीय लेखांचा संगणकीय साठा पाहिला, पाठ्यपुस्तकही पाहिले. त्याला धोक्याचे काही आढळले नाही. त्या वेळी पबमेडमधील नोंदी बहुतांशी १९६६ पासूनच्या होत्या. हेक्झामेथोनियम हे मात्र १९५० च्या दशकात रक्तदाबावर दिले जाणारे औषध. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसांवर झालेल्या दुष्परिणामांची वर्णने त्याच दशकातल्या नियतकालिकांत छापलेली होती. म्हणजे माहिती जगात होती, छापलेली होती, ग्रंथालयांच्या कपाटांत होती. शोधणाऱ्याची नजर मात्र १९६६ च्या रेषेपाशी थांबली.

ही रेषा आली कुठून? वैद्यकीय लेख शोधण्याचे हे साधन कोणी, कधी आणि कशासाठी घडवले? ग्रंथालयातील सूची हा विषय आपल्याला रूक्ष वाटतो. पण सूचीलाही इतिहास असतो, आणि तो माहीत नसला तर काय होऊ शकते ते आपण वर पाहिलेच. म्हणून हा इतिहास आपण थोडा तपशिलात पाहू.

नियतकालिकांचा पूर

विज्ञानविषयक नियतकालिके सुरू झाली ती १६६५ साली. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये ‘जर्नल दे सावाँ’ आणि मार्चमध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ निघाले. तोपर्यंत शास्त्रज्ञ एकमेकांना पत्रे लिहीत किंवा आयुष्यभराचे काम एका ग्रंथात मांडत. नियतकालिकामुळे छोटासा प्रयोगही चार पानांत छापता येऊ लागला. ही सोय मोठी होती, पण तिच्या पोटातच एक अडचण होती. ग्रंथाला लेखक असतो, नाव असते, त्यामुळे तो ग्रंथालयात सापडतो. नियतकालिकाच्या अंकात मात्र दहा विषयांवरचे दहा लेख एकत्र बांधलेले असतात. ग्रंथपाल नियतकालिकाचे नाव नोंदवतो. आतल्या लेखांची नोंद कोण करणार?

एकोणिसाव्या शतकात वैद्यकाची नियतकालिके शेकड्यांनी निघू लागली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा अनेक भाषांत ती निघत. एखाद्या रोगाविषयी आजवर काय लिहिले गेले आहे, हे जाणून घ्यायचे तर खंडामागून खंड उघडून पाहण्यावाचून मार्ग नव्हता.

एका विद्यार्थ्याची अडचण

अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात १८६० साली एक विद्यार्थी वैद्यकीय पदवीसाठी प्रबंध लिहीत होता. नाव जॉन शॉ बिलिंग्ज. विषय होता अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) शस्त्रक्रिया. किती रुग्णांवर अशी शस्त्रक्रिया झाली, किती बरे झाले, किती दगावले, याची आकडेवारी त्याला हवी होती. ती वेगवेगळ्या देशांतल्या शेकडो खंडांत विखुरलेली होती. ते सारे खंड एकत्र मिळतील असे एकही ग्रंथालय त्या वेळी अमेरिकेत नव्हते, आणि मिळाले असते तरी त्यांतून हवे ते काढून देणारी सूची नव्हती. ही अडचण बिलिंग्ज आयुष्यभर विसरला नाही.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झाले. बिलिंग्ज लष्करात शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाला. युद्ध संपताना त्याची नेमणूक वॉशिंग्टनमध्ये लष्करी वैद्यकीय विभागाच्या प्रमुखांच्या (सर्जन जनरलच्या) कचेरीत झाली आणि १८६५ साली तिथले छोटेसे ग्रंथालय त्याच्या हाती आले. युद्धकाळातल्या लष्करी रुग्णालयांचा सुमारे ८० हजार डॉलरांचा शिल्लक निधी पुढे या ग्रंथालयासाठी वापरता आला. बिलिंग्जने मग जगभरच्या डॉक्टरांना, संस्थांना आणि राजदूतांना पत्रे धाडून जुनी नियतकालिके मागवण्याचा सपाटा लावला. माळ्यावर धूळ खात पडलेले सुटे अंकही त्याला चालत.

हे ग्रंथालय त्या काळी कुठे होते, हेही ऐकण्यासारखे आहे. १८६५ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर फोर्ड नाट्यगृहात गोळी झाडली गेली. त्यानंतर सरकारने ते नाट्यगृह ताब्यात घेतले आणि त्यात लष्करी वैद्यकीय संग्रहालय व हे ग्रंथालय हलवले. जगातली सर्वांत मोठी वैद्यकीय सूची तयार झाली ती अशा जागेत, बरीचशी या वास्तूतच.

सूची करण्याची पद्धत साधी आणि कष्टाची होती. बिलिंग्ज रोज संध्याकाळी नियतकालिकांचे गठ्ठे घरी नेई आणि नोंद करण्याजोग्या लेखांवर पेन्सिलीने खुणा करी. दुसऱ्या दिवशी कारकून प्रत्येक खूण केलेल्या लेखाचे एकेक कार्ड लिहीत: लेखाचे नाव, लेखक, नियतकालिक, खंड, पान. मग कार्डे विषयवार लावायची. १८७६ साली त्याने नमुन्याचा एक भाग छापून लोकांपुढे ठेवला, आणि १८८० साली ‘इंडेक्स-कॅटलॉग’चा पहिला जाडजूड खंड प्रसिद्ध झाला. यात ग्रंथकारांची नावे आणि विषय एकाच अकारविल्हे क्रमात होते. ‘अपस्मार’ हा शब्द काढावा, तर त्याखाली त्यावरचे ग्रंथ आणि लेख ओळीने सापडावेत! पहिल्या मालिकेचे सोळा खंड पुरे व्हायला १८९५ साल उजाडले.

पण यातही एक अडचण होती. ‘अ’चा खंड छापून झाल्यावर ‘अ’ने सुरू होणाऱ्या विषयावर नवा लेख आला, तर तो कुठे घालायचा? यासाठी बिलिंग्ज आणि त्याचा सहकारी रॉबर्ट फ्लेचर यांनी जानेवारी १८७९ पासून ‘इंडेक्स मेडिकस’ नावाचे मासिक सुरू केले. त्यात लेख नव्हतेच, फक्त त्या महिन्यात जगभर प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय लेखांची विषयवार यादी असे. आज कोणी असे मासिक काढायला निघाले तर लोक हसतील. तेव्हाही वर्गणीदार तोकडेच होते. तोटा सोसत ते वीस वर्षे चालले, १८९९ साली बंद पडले आणि कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या मदतीने १९०३ साली पुन्हा उभे राहिले. नावे आणि मालक बदलत गेले, तरी छापील ‘इंडेक्स मेडिकस’ची परंपरा २००४ सालच्या डिसेंबरपर्यंत टिकली.

अशा सूचीकाराचे मोल आपल्याला कळायला हरकत नाही. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली प्रसिद्ध झाली. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची तीत नोंद आहे. मराठीतल्या कोणत्याही विषयाचा अभ्यासक आजही आधी ‘दाते सूची’ उघडतो. दात्यांनी काय केले हे जो जाणतो, त्याला बिलिंग्जने काय केले हे वेगळे सांगावे लागत नाही.

कार्डापासून संगणकापर्यंत

बिलिंग्जच्या आयुष्यातला आणखी एक प्रसंग आपल्या कथेशी जोडलेला आहे. १८८० च्या अमेरिकी जनगणनेत जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे काम त्याच्याकडे होते. त्याच कचेरीत हर्मन होलेरिथ नावाचा तरुण अभियंता काम करी. पुढे होलेरिथने स्वतःच सांगितले आहे की, एकदा रात्रीच्या जेवणाच्या वेळी बिलिंग्ज त्याला म्हणाला, हे मोजणीचे काम करणारे एखादे यंत्र असायला हवे. माणसामागे एक कार्ड घ्यावे आणि त्यावर छिद्रे किंवा खाचा पाडून माहिती नोंदवावी, अशी ती कल्पना होती. होलेरिथने ते यंत्र बनवले. १८९० ची जनगणना त्यावर मोजली गेली. त्याने काढलेली कंपनी पुढे इतरांत विलीन झाली आणि १९२४ साली त्या संस्थेला नाव मिळाले आय.बी.एम. संगणकयुगाच्या पायाशी असलेले छिद्रांचे कार्ड अशा रीतीने एका ग्रंथपालाच्या बोलण्यातून निघाले.

बिलिंग्जचे ग्रंथालय वाढत वाढत १९५६ साली कायद्याने ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ झाले. वैद्यकीय लेखांची संख्या आता इतकी फुगली होती की, हाताने कार्डे लावून सूची छापणे अशक्य होत चालले होते. जानेवारी १९६४ मध्ये तिथे ‘मेडलार्स’ ही संगणकीय यंत्रणा सुरू झाली. तिचा मूळ हेतू होता छापील ‘इंडेक्स मेडिकस’ वेळेवर काढणे. पण एकदा नोंदी चुंबकीय फितीवर गेल्या म्हटल्यावर त्यांतून हव्या त्या विषयाच्या नोंदी वेचूनही काढता येणार होत्या. डॉक्टर पत्राने प्रश्न पाठवी, प्रशिक्षित ग्रंथपाल तो संगणकाच्या भाषेत मांडी, आणि काही आठवड्यांनी यादी टपालाने घरी येई.

आता १९६६ च्या रेषेचा उलगडा होतो. संगणकात नोंदी भरायला सुरुवात झाली ती १९६० च्या दशकात. पुढे जो साठा दूरवरून पाहण्यासाठी खुला झाला, त्यात १९६६ पासूनच्या नोंदी घेतल्या गेल्या. त्याआधीचे सारे छापील खंडांत राहिले. ती रेषा विज्ञानाची नव्हती. १९६५ आणि १९६६ यांच्या दरम्यान वैद्यकात काही घडले नव्हते. ती रेषा यंत्राच्या सोयीची होती.

एक वस्तू, दहा नावे

यंत्राला शब्द कळतात, अर्थ कळत नाही. आपल्याकडे एकाच रोगाला कोणी क्षय म्हणतो, कोणी राजयक्ष्मा, कोणी टी.बी. हिवताप, थंडीताप आणि मलेरिया यांचेही तसेच. तापावर आपण घेतो त्या पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. एका लेखकाने एक शब्द वापरला, दुसऱ्याने दुसरा, तर एक शब्द घालून शोधणाऱ्याला अर्धेच लेख मिळणार.

यावर उपाय म्हणजे ठरवून दिलेली विषयशीर्षके. १९६० साली त्या ग्रंथालयाने वैद्यकीय विषयशीर्षकांचा कोश प्रसिद्ध केला. त्याला ‘मेश’ असे संक्षिप्त नाव आहे. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, लेख वाचून त्याला ठरलेली शीर्षके लावायची. पॅरासिटामॉलवरचा लेख ॲसिटॅमिनोफेन या शीर्षकाखाली जातो, आणि पॅरासिटामॉल असे शोधणाऱ्यालाही तिकडे वळवले जाते. सुरुवातीला ही शीर्षके चार-साडेचार हजार होती, आज ती तीस हजारांहून अधिक आहेत. ती झाडासारखी मांडलेली असतात. ‘हृदयरोग’ ही फांदी धरली की तिच्या साऱ्या डहाळ्या, म्हणजे झडपांचे विकार, अनियमित ठोके इत्यादी, बरोबर येतात. अनेक वर्षे ही शीर्षके माणसे लावीत. २०२२ पासून ते काम मुख्यतः संगणक करतो आणि माणसे त्यावर देखरेख ठेवतात.

आपल्या डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी मद्रासमध्ये १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. १९३३ साली त्यांनी ‘कोलन’ वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात विषयाचे घटक सुटे करून हवे तसे जोडण्याची कल्पना आहे. विषय हा अनेक पैलूंचा छेद असतो, ही दृष्टी संगणकीय शोधालाही जवळची आहे.

बूलचे बीजगणित आणि जाळीची भोके

नोंदी जोडण्याचे आणि गाळण्याचे नियम आले ते इंग्रज गणिती जॉर्ज बूल याच्या तर्काच्या बीजगणितातून. त्याचा प्रमुख ग्रंथ १८५४ सालचा. आपण शाळेत संच शिकवतो, तेच हे. ‘हिवताप आणि मुले’ हा छेदसंच: दोन्ही विषय असलेलेच लेख येतात. ‘हिवताप किंवा डेंग्यू’ हा संयोगसंच: दोहोंपैकी एक असला तरी पुरे. ‘हिवताप, पण मुले नकोत’ हा फरक. यातला शेवटचा प्रकार जपून वापरावा लागतो. प्रौढ आणि मुले दोघांचाही अभ्यास करणारा लेख त्यात नाहक बाहेर फेकला जातो. वेन आकृती काढून पाहिली की हे आठवीच्या मुलालाही दिसते.

पण या जाळीत मासे सापडतात किती? हा प्रश्न मेडलार्स चालवणाऱ्यांनी स्वतःला विचारला, हे त्यांचे मोठेपण. एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांनी सुमारे तीनशे प्रत्यक्ष शोध तपासून १९६८ साली अहवाल दिला. त्यात दोन गोष्टी मोजल्या होत्या. सापडायला हवेत अशा लेखांपैकी किती सापडले? सरासरी सुमारे ५८ टक्के. आणि सापडलेल्यांपैकी कामाचे किती? सुमारे ५० टक्के. उदाहरणाने पाहू. एखाद्या प्रश्नावर साठ्यात कामाचे १०० लेख आहेत असे समजा. यंत्र ११६ लेखांची यादी देईल, त्यांतले ५८ कामाचे, ५८ बिनकामाचे; आणि ४२ कामाचे लेख साठ्यात असूनही यादीत येणार नाहीत.

इथे एक गंमत आहे. बिनकामाचे ५८ लेख डोळ्यांना दिसतात आणि आपण वैतागतो. न आलेले ४२ लेख दिसतच नाहीत, म्हणून त्यांचा त्रास होत नाही. जाळी बारीक करावी तर बिनकामाचे कमी होतात, पण निसटणारे वाढतात. जाळी मोठी करावी तर उलट होते. दोन्ही एकाच वेळी पुरते साधत नाही. साधने सुधारली, तरी ही ओढाताण संपलेली नाही.

विखुरलेले धागे

लेख सापडणे ही पहिली पायरी. सापडलेले सारे एकत्र मांडून पाहणे ही दुसरी, आणि ती चुकली तर काय होते याचे एक उदाहरण मनाला चटका लावणारे आहे. तान्ह्या बाळांना पालथे झोपवावे, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षे दिला जात होता. काही बाळे झोपेतच अचानक दगावत. त्याचे कारण कळत नसे. पालथे झोपवणे आणि हे मृत्यू यांचा संबंध दाखवणारे अभ्यास वेगवेगळ्या नियतकालिकांत सुटे सुटे छापले जात होते. २००५ साली काही ब्रिटिश संशोधकांनी हे जुने अभ्यास शोधून एकत्र केले. त्यांना दिसले की १९७० पर्यंतच पुरावा पुरेसा झाला होता. सल्ला मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिला. १९७० सालीच कोणी सर्व अभ्यास पद्धतशीरपणे एकत्र केले असते, तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बालमृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज आहे. असे एकत्र मांडण्याचे काम नियमितपणे करणारी ‘कॉक्रेन’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९९३ साली स्थापन झाली.

सर्वांसाठी खुले दार

१९७१ साली मेडलार्सचे दूरध्वनीच्या तारांवरून चालणारे रूप ‘मेडलाइन’ सुरू झाले. एका वेळी २५ जण ते वापरू शकत, याचेच तेव्हा कौतुक होते. नव्वदच्या दशकात आपल्याकडील मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत ते सीडी-रॉमच्या तबकड्यांवर आले. विद्यार्थी ग्रंथपालाकडे पाळी लावून बसत. २६ जून १९९७ रोजी ‘पबमेड’ या नावाने ते इंटरनेटवर जगातल्या कोणालाही विनामूल्य खुले झाले. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. नोंद आणि बहुधा लेखाचा सारांश कोणालाही वाचता येतो. २००० सालापासून सुरू झालेल्या ‘पबमेड सेंट्रल’मध्ये पुष्कळ लेख पूर्ण स्वरूपातही मिळतात.

भारतातही या दिशेने प्रयत्न झाले. १९५२ साली दिल्लीत ‘इन्सडॉक’ हे वैज्ञानिक प्रलेखन केंद्र स्थापन झाले. दुसऱ्या शहरात असलेल्या लेखाची छायाप्रत मागवायची तर संशोधकाला त्याचा आधार असे. १९६५ पासून त्याने भारतीय विज्ञानलेखांच्या सारांशांचे नियतकालिक काढले. परदेशी साठ्यात आपल्याकडची बरीच नियतकालिके येत नाहीत, ही उणीव लक्षात घेऊन भारतीय वैद्यकीय नियतकालिकांसाठी ‘इंडमेड’ हा साठा उभारला गेला. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना अमलात आली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. म्हणजे जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातही आता असे लेख उघडता येऊ शकतात, जे कालपर्यंत मुंबई-पुण्यातही मिळत नसत.

एक प्रयोग करून पाहावा. पबमेडमध्ये इंग्रजीत ‘गडचिरोली’ एवढाच शब्द घालावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘लॅन्सेट’मधील लेख समोर येतात: बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवर केलेल्या उपायांचा १९९० चा लेख, आणि ३९ गावांत घरोघरी जाऊन केलेल्या नवजात बालकांच्या सेवेचा १९९९ चा लेख. आपल्याच राज्यातल्या खेड्यांतले काम जगाच्या सूचीत आपल्याला दिसते, तेव्हा सूची ही परक्यांची वस्तू राहत नाही.

पुन्हा बाल्टिमोर

आता सुरुवातीच्या घटनेकडे परत येऊ. १८७० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये एक आदर्श रुग्णालय बांधायचे ठरले तेव्हा त्याचा आराखडा करण्यासाठी विश्वस्तांनी एका लष्करी डॉक्टराची निवड केली. तो डॉक्टर होता जॉन शॉ बिलिंग्ज. १८८९ साली उघडलेले ते रुग्णालय म्हणजेच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. जुने लेख हरवू नयेत म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्यानेच आखलेल्या संस्थेच्या परिवारात जुने लेख न सापडल्याची किंमत एका तरुणीला जिवाने द्यावी लागली.

या घटनेनंतर संशोधनाआधी ग्रंथपालाचा सल्ला घ्यावा, हा विचार बळावला. जुन्या छापील खंडांतल्या नोंदी संगणकात भरण्याचे काम पुढे गेले, आणि आज पबमेडमध्ये १९४६ पर्यंत मागे जाता येते. पण याचा अर्थ एवढाच की रेषा वीस वर्षे मागे सरकली. ती नाहीशी झालेली नाही. प्रत्येक साठ्याला अशी रेषा असतेच. काही रेषा काळाच्या असतात, काही भाषेच्या, काही देशाच्या. निवडलेली पाच हजारांवर नियतकालिके मेडलाइनमध्ये आहेत, म्हणजेच न निवडलेली त्याबाहेर आहेत. आज प्रश्न विचारताच सरळ उत्तर लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे हवाले देतात. आणि त्यांनी कोणत्या साठ्यात पाहिले, कोणत्या पाहिले नाही, हे तर उत्तरावरून मुळीच कळत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना शोध शिकवताना आम्ही एक छोटी सवय सुचवतो. प्रकल्पाच्या वहीत ‘काय सापडले’ या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत: कुठे शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले, आणि तो साठा कोणत्या सालापासूनचा व कोणत्या भाषांतला आहे. गावातल्या पाण्यावर किंवा डेंग्यूवर प्रकल्प करणारी नववीची मुलगीसुद्धा हे रकाने भरू शकते. एखादा शब्द बदलून पुन्हा शोधले की यादी कशी बदलते, हे तिला स्वतःला दिसेल. आणि शेवटी ‘काही सापडले नाही’ असे लिहायची वेळ आली, तर त्याऐवजी ‘या साठ्यात, या शब्दांनी, या सालानंतरचे काही सापडले नाही’ असे ती लिहील. वाक्य थोडे लांबते, पण ते खरे असते.